चार सूत आणि तेरा नंबर

जीपचा पहिला बोल्ट माझ्या हातून बिघडला तेव्हा तो का बिघडला हे मला कळलंच नव्हतं. गावाकडच्या शेडमध्ये, गाडीखाली पोतं अंथरून मी ट्रान्स्फर केसचं खालचं झाकण काढायला घेतलं होतं. हातात नवा कोरा तेरा नंबरचा पाना. बोल्टच्या डोक्यावर तो बसला, थोडा हलतोय असं वाटलं, पण बसला. जोर लावला आणि पाना फिरला, बोल्ट नाही. षटकोनी डोक्याचे कोपरे झिजून गोल झाले.

दुसऱ्या दिवशी कराडहून मिस्त्रीकाका आले. सैन्याच्या ईएमईमधून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "कुठला पाना लावला होतास?"

"तेरा."

"हे चार सूत आहे, बाळ. वर फ्रेंच, खाली अमेरिकन. दोन्हीला एक पाना चालत नाही."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरा नंबरचा पाना त्यावर ०.३ मिलिमीटर सैल बसतो. हात लावून कळणार नाही इतकी ती फट, पण गंजलेल्या बोल्टचे कोपरे खायला पुरेशी. साडेचार सूत म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्यावर चौदाचा पाना चढतच नाही. सहा सूत म्हणजे १९.०५, तिथे एकोणीसचा पाना नशिबानं चालून जातो. आमच्या १९९३ च्या महिंद्रा एमएम ५४० मध्ये इंजिनाचे बोल्ट मिलिमीटरमध्ये आणि खालच्या सांगाड्याचे बरेचसे इंचात. एकाच गाडीला पान्यांचे दोन संच.

अशा दोन मापांची गाडी कोणी मुद्दाम बनवेल का? हा प्रश्न डोक्यात बसला. पुढची दोन वर्षं मी जीप दुरुस्त करत होतो आणि त्या प्रश्नाचं उत्तरही शोधत होतो. उत्तर सापडलं ते इतिहासात.

४९ दिवसांची गाडी

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्यानं १३५ कंपन्यांना एक मागणी पाठवली. चारही चाकांना ताकद पोहोचवणारी, हलकी, टेहळणीसाठीची छोटी गाडी हवी. वजन १,३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो. नमुना ४९ दिवसांत. युरोपात फ्रान्स पडला होता आणि अमेरिकेला घाई होती.

प्रतिसाद दिला फक्त दोघांनी. एक, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची डबघाईला आलेली छोटी कंपनी, अमेरिकन बँटम. दुसरी टोलेडोची विलीज-ओव्हरलँड. बँटमनं कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं, त्यानं काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला नमुना सैन्याच्या चाचणीतळावर पोहोचला. वजनाची अट मात्र कोणालाच पाळता आली नाही आणि सैन्याला ती सैल करावी लागली.

मग सैन्यानं जे केलं ते बँटमच्या दृष्टीनं अन्यायाचं होतं, पण जीपच्या दृष्टीनं निर्णायक ठरलं. छोटी कंपनी मोठी ऑर्डर पुरी करू शकणार नाही म्हणून तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांच्या हाती गेले. शेवटी विलीजची रचना निवडली गेली, मुख्यतः बार्नी रूस या इंजिनिअरनं घडवलेल्या तिच्या दमदार २.२ लिटर 'गो डेव्हिल' इंजिनामुळे. बँटमच्या वाट्याला जेमतेम २,७०० गाड्या आल्या. उरलेल्या जीप विलीज आणि फोर्डनं बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सुमारे ६ लाख ४० हजार.

इथे अट अशी होती की फोर्डच्या जीपचा भाग विलीजच्या जीपला बसला पाहिजे. दोन स्पर्धक कंपन्या, शेकडो मैल अंतरावरचे कारखाने, पण रणांगणावर एका मेलेल्या जीपचा ॲक्सल काढून दुसरीला लावता यायला हवा. फोर्डला हे फारसं रुचलेलं नसावं, कारण तिनं आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' अक्षर ठोकलं. भाग सारखेच, फक्त कोणाचे ते कळावं म्हणून. गंमत म्हणजे जीपचा चेहरा म्हणून आपण ओळखतो ती उभ्या फटींची पत्र्याची जाळी फोर्डची कल्पना. विलीज सुरुवातीला लोखंडी पट्ट्या जोडून जाळी बनवायची. पत्र्यातून एका ठोक्यात कापलेली जाळी स्वस्त पडते म्हणून तिनंही तीच घेतली.

मी कामात रोज 'इंटरफेस' हा शब्द वापरतो. आत काय करायचं ते करा, पण दुसऱ्याशी जोडायची जागा ठरल्याप्रमाणेच ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. तो मला नीट समजला फोर्ड आणि विलीजच्या बोल्टवरून.

जो डोपची चूक

गाडी बनवणं हा अर्धा भाग. ती चालू ठेवणार कोण? सैन्यात भरती झालेल्या लाखो पोरांनी त्याआधी इंजिनाला हात लावलेला नव्हता. म्हणून देखभालीच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या आणि पहिली पायरी ड्रायव्हरची. जीपच्या १९४४ च्या अधिकृत पुस्तिकेत ड्रायव्हरनं कधी काय बघायचं याची यादी आहे: निघण्यापूर्वी, चालवताना, थांबल्यावर आणि परत आल्यावर. तेल, पाणी, हवा, गळती, सैल बोल्ट, नेहमीपेक्षा वेगळा आवाज.

पुस्तिका कोणी वाचत नाही हे सैन्यालाही माहीत होतं. म्हणून 'आर्मी मोटर्स' नावाच्या मासिकात चित्रकथा छापल्या जाऊ लागल्या. त्या काढणारा होता विल आयस्नर, पुढे अमेरिकी कॉमिक्सचा मोठा माणूस झालेला. त्यानं जो डोप नावाचा एक वेंधळा सैनिक निर्माण केला. जो डोप ग्रीस द्यायला विसरतो, तेल बघत नाही, आणि मग व्हायचं ते होतं. हसता हसता सैनिकाला कळायचं की आपणही कालच हेच केलं. १९५१ पासून याच कामासाठी 'पीएस' हे मासिक निघालं आणि आयस्नर त्यासाठी १९७१ पर्यंत काम करत राहिला.

मिस्त्रीकाकांनी आयस्नरचं नाव ऐकलेलं नाही. पण गाडी बंद केल्यावर लगेच बाजूला व्हायचं नाही, एकदा भोवती फिरायचं, प्रत्येक हबला हात लावून कुठला जास्त गरम आहे का बघायचं, खाली वाकून थेंब पडलाय का बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. सैन्यात दर आठवड्याला 'मेन्टेनन्स परेड' असते, तिथून ते आलं. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम म्हणजे तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. यासाठी ना मीटर लागतो ना ॲप.

जुनी जीप घेऊन फसलेलं सरकार

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही जीप सेकंडहँड घेतली होती. पाटण तालुक्यातल्या वरच्या वाड्यांतून दुधाचे कॅन खाली आणायला. घेतली तेव्हा रंग चकाचक होता आणि महिन्याभरात कळलं की रंगाखाली चेसिस दोन जागी वेल्डिंग केलेली आहे. आजी त्यावरून त्यांना शेवटपर्यंत टोमणे मारायची.

मी तिला सांगायला हवं होतं की जुनी जीप घेऊन फसण्याची सुरुवात थेट भारत सरकारनं केली. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि सैन्याला जीप हव्या होत्या. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला, दुरुस्त केलेल्या जुन्या जीपसाठी. आल्या फक्त १५५, आणि त्याही वापरण्यायोग्य नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून 'जीप घोटाळा' ओळखला जातो. ३० सप्टेंबर १९५५ ला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी प्रकरण संपल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले.

राजकारण बाजूला ठेवलं तरी या प्रकरणात एक तांत्रिक धडा आहे. 'रीकंडिशन' हा शब्द किती पोकळ असू शकतो! नवी गाडी कशी असावी याचं माप असतं. दुरुस्त केलेली गाडी किती दुरुस्त, हे ती उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडायला येणारा माणूस करारावर सही करणाऱ्याच्या शेजारी क्वचितच उभा असतो.

माझगाव, मीटर आणि ट्रॅक्टर

२ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्रा अँड मोहम्मद नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. महिंद्रा म्हणजे जे. सी. आणि के. सी. हे भाऊ, मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच काळात मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग पेट्यांतून येऊ लागले आणि त्यातून जीप जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले.

जे मॉडेल भारतात सर्वांत जास्त रुजलं ते सीजे ३बी. तिचं बॉनेट इतकं उंच का, असा प्रश्न जुन्या जीपचे फोटो बघताना पडतो. कारण साधं आहे. विलीजनं नव्या 'हरिकेन' इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नेले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचललं. बाकी सांगाडा तोच ठेवला. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश पुढे कित्येक दशकं चालला.

आता तारखा जुळवून बघू. वजन-मापांचा कायदा भारतानं १९५६ मध्ये केला, नव्या पैशाची नाणी १९५७ मध्ये आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक मापं लागू झाली. शेर, मण जाऊन किलो आले, गज जाऊन मीटर आला. पण ज्या कारखान्यात जीपचे भाग बनत होते तिथले आराखडे, साचे, आट्यांचे मापक सगळे इंचात होते. देश मीटरमध्ये गेला, जीप इंचातच राहिली. तिच्याबरोबर गॅरेजातलं सूतही राहिलं.

मग आलं डिझेल. पेट्रोलची जीप ग्रामीण भागात परवडत नव्हती. महिंद्रानं १९६० च्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं ट्रॅक्टर बनवायला घेतले होते आणि त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये बसलं. जोर ट्रॅक्टरचा आणि आवाजही ट्रॅक्टरचाच. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं परवान्यावर बनवलेलं इंजिन आलं, एक्सडीपी ४.९०. नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २,११२ सीसी.

तर अमेरिकेत १९४० साली इंचात आखलेल्या सांगाड्याच्या वंशजावर फ्रान्समध्ये मिलिमीटरमध्ये आखलेलं इंजिन बसलं. मिस्त्रीकाकांचं 'वर फ्रेंच, खाली अमेरिकन' हे वाक्य जसंच्या तसं खरं होतं. दोन मापांची गाडी मुद्दाम कोणीच बनवली नव्हती. जे हाताशी होतं त्यात जे मिळालं ते बसवत गेल्यानं ती तशी झाली. मी ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याची कथा यापेक्षा वेगळी नाही.

वडाप आणि नाना पेठ

ग्रामीण महाराष्ट्राला जीप कळली ती युद्धातून नाही. तहसीलदाराची, बांधकाम खात्याची, निवडणुकीतली, आणि सर्वांत जास्त म्हणजे वडापची. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे स्टँडबाहेर उभी राहून माणसं भरणारी जीप म्हणजे वडाप. मराठवाडा-विदर्भात तीच काळी-पिवळी. एसटी जिथे दिवसातून एकदा जायची तिथे वडाप दर तासाला जायची. आत दहा, मागे लटकलेले चार, टपावर कोंबड्यांची खुराडी.

अशा वापरात गाडी मोडणारच. म्हणून प्रत्येक तालुक्याच्या गावात पाटे बांधणारा, डायनॅमो भरणारा, नोझल तपासणारा वेगळा माणूस तयार झाला. हे सगळं ज्ञान तोंडी होतं. डिझेल संपून गाडी बंद पडली की इंजिन 'एअर पकडतं', मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाचा हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. हे मला अण्णांनी शिकवलं, त्यांना वडापवाल्या ड्रायव्हरनं, त्याला कोणी कोण जाणे.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. नाना पेठेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पार्ट नंबर लिहून नेले होते. काउंटरवरच्या माणसानं कागदाकडे बघितलंही नाही. "जुना पीस आणलाय का?" मी नव्हता आणला. "मग घेऊन ये." गाडीच्या पाठीवर काय लिहिलंय यापेक्षा तीस वर्षांत कोणी तिच्यात काय बसवलंय हे महत्त्वाचं, हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावांनी याचाच व्यवसाय केला. जुन्या सांगाड्यांवर नवी बॉडी, रुंद टायर, हवं ते इंजिन. इंटरनेटवर तिथल्या जीप बघून मीही पेटलो होतो. माझ्या यादीत उंच पाटे होते, मोठे टायर होते, पुढे विंच होता.

कुंभार्ली घाट

मोठ्या टायरचा हिशोब मी कागदावर केला तेव्हा पहिली शंका आली. टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला की स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६६ नं पळते. चढावर इंजिनाला तोच गिअर तितकाच जड होतो. आणि ब्रेक ड्रमवर तेवढाच जोर लावून रस्त्यावर मिळणारी पकड साधारण नऊ टक्क्यांनी कमी होते, कारण चाकाची त्रिज्या वाढलेली असते. म्हणजे टायर बदलायचे तर ब्रेक बदलायला हवेत. पुढे डिस्क ब्रेक लावायचे तर पायाला जड जातात, मग बूस्टर हवा. बूस्टरला व्हॅक्यूम हवा, आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप देत नाही, त्यासाठी पंप हवा. एका बोल्टपासून सुरू केलं की दहा बोल्ट पुढे जावं लागतं.

म्हणून मी टायर सोडले आणि आधी होते ते ब्रेक नीट करायचं ठरवलं. चारही चाकांचे ड्रम उघडले, व्हील सिलिंडरची रबरं बदलली, गंजलेल्या लोखंडी नळ्या काढून नव्या टाकल्या. नळ्या मी स्वतः बनवल्या. तांब्याची नळी, कारण ती हातानं वाकते. टोकाला नट बसण्यासाठी नळीचं तोंड पसरवावं लागतं. ब्रेकच्या नळीचं तोंड दुहेरी दुमडायचं असतं. माझ्याकडच्या हत्यारानं एकेरीच होत होतं. व्हिडिओत बघितलं तर एकेरीही बरं दिसत होतं. पेडल घट्ट लागलं, अंगणात गाडी जागच्या जागी थांबली, मी खूश झालो.

नोव्हेंबरमध्ये अण्णा आणि मी चिपळूणला निघालो. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट उतरायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर ब्रेक दाबला आणि पाय थेट फरशीला टेकला. पुन्हा दाबला. काहीच नाही. त्या मास्टर सिलिंडरमधून एकच नळी निघून चारही चाकांकडे जात होती. एक तोंड तडकलं आणि चारही ब्रेक गेले.

अण्णा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "गिअर टाक. तिसरा. आता दुसरा. डोंगराच्या बाजूला घे." मी क्लच दोनदा दाबत गिअर खाली आणले, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला, आणि डावी चाकं डोंगराकडच्या गटारात घातली. पुढचा मडगार्ड दगडावर घासत गेला आणि गाडी थांबली. समोरून त्या क्षणी एसटी येत नव्हती, एवढंच आमचं नशीब. डाव्या हाताला दरी असती तर हा लेख लिहायला मी नसतो.

बराच वेळ आम्ही दोघं कठड्यावर बसून होतो. मग अण्णांनी विचारलं, "ती नळी तू केलीस ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मिस्त्रीला दाखवली होतीस?" नव्हती. स्वतः करायचं या हट्टात मी दुसऱ्याची नजर नाकारली होती. ऑफिसात माझी एक ओळही दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. आणि इथे, जिथे चुकीची किंमत दोन जीव होती, तिथे मी एकट्यानं 'बरं दिसतंय' म्हणून पुढे गेलो होतो. जो डोप मीच.

काय जपायचं

त्यानंतर जुन्या गाड्यांबद्दलचं माझं प्रेम थोडं शहाणं झालं. 'जुनं ते सोनं' हे जीपला लावता येत नाही. एकाच नळीवर चालणारे ब्रेक हा त्या काळाचा दोष होता. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोन स्वतंत्र मंडलांचे ब्रेक सक्तीचे झाले ते आधीच्या अपघातांतून शिकून. एक मंडल गेलं तर दुसऱ्यानं दोन चाकं तरी थांबतात. आज माझ्या जीपमध्ये दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आहे, पोलादी नळ्या आहेत, त्यांची तोंडं दुहेरी आहेत आणि प्रत्येक जोड मिस्त्रीकाकांनी बॅटरी मारून बघितलेला आहे. विंच नाही. टायर मूळ मापाचेच आहेत.

कायद्याचीही एक कड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. धूर आणि सुरक्षितता बघता यातलं बरंचसं मला पटतं. कुंभार्लीच्या आधी पटलं नसतं.

२०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम आले. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, आणि ती रोज रस्त्यावर आणायची नाही. हे वाचताना मला हसू आलं. आपल्याकडच्या किती जीप या अटीत बसतील? पेट्रोल काढून डिझेल घातलेल्या, दुसरीचा गिअरबॉक्स लावलेल्या, तिसरीची काच बसवलेल्या. संग्रहालयात ठेवावी अशी मूळ वस्तू त्या कधीच नव्हत्या. दुसऱ्याचा भाग बसावा म्हणूनच तर १९४१ पासून त्या बनल्या. जीपचं मूळ रूप कुठलं असेल तर ते तिच्या दुरुस्तीत आहे.

जपायचं ते हेच, असं मला वाटतं. आवाज, धूर, फरशीला टेकणारं पेडल, यातलं काहीच नाही. वस्तू उघडता येते, कळते, आणि कळलेलं दुसऱ्याला सांगता येतं, ही गोष्ट जपायची. नव्या गाड्यांनी मला जास्त सुरक्षित केलंय, पण त्यांच्या आत काय चाललंय ते मला, त्याच प्रकारच्या प्रोग्रामवर पोट भरणाऱ्यालाही, बघता येत नाही. मिस्त्रीकाकांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात काम करतो. त्यांच्या गॅरेजात हेल्पर टिकत नाही. त्यांच्या बोटांना जे कळतं ते कुठल्याच पुस्तिकेत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी एक काम करतोय. आमच्या जीपचा एकेक बोल्ट, त्याचं माप, त्याला कुठला पाना लागतो, किती आवळायचा आणि मिस्त्रीकाका त्याबद्दल काय म्हणाले, हे वहीत लिहितोय. मराठीत. डाव्या पानावर सूत, उजव्या पानावर मिलिमीटर. निघण्यापूर्वी काय बघायचं, आल्यावर कुठे हात लावायचा, हेही.

तो गोल झालेला बोल्ट अखेर मिस्त्रीकाकांनीच काढला. त्यावर मोठा नट वेल्ड केला, गरम असतानाच हलकेच फिरवला, आणि तो निघाला. नवा बोल्ट आणला चार सुतीच. तो शेवटचा अर्धा फेरा मी आवळत होतो तेव्हा अण्णा शेडच्या दारात उभे होते.

"कुठला पाना?" त्यांनी विचारलं.

मी पाना वर करून दाखवला. त्यांनी जवळ येऊन, चष्मा वर करून, आकडा वाचला. मगच मान हलवली.